दोन दारांच्या मधोमध

आप्पा,

मला पर्मनंट करतायत. हे एक वाक्य तुमच्या कानावर घालायला मी अर्धं आयुष्य धडपडले, आणि आता ते लिहिताना हात जड झालाय. तुम्ही असता तर एव्हाना शर्ट चढवून काळेवाडीच्या अख्ख्या गल्लीत सांगून आला असता. घरात सगळे खूश आहेत. नवरा तर मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला सांगत सुटलाय. खूश नाही ती मी एकटी, आणि हे बोलायची कुणाजवळ सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. दसरा झाला की उत्तर द्यायचं होतं. काय दिलं ते सांगतेच, पण आधी काम काय आहे ते सांगू द्या, नाहीतर तुम्ही मधेच म्हणाल, "आता हे कसलं काम म्हणायचं?"

चाकणच्या अलीकडे एक नवी इमारत उभी राहिलीय. बाहेरून बघितली तर कांद्याचं मोठं गोदाम वाटेल, कारण तिला खिडकी म्हणून नाही. आत कॉम्प्युटर भरलेली उंच काळी कपाटं ओळीनं उभी आहेत. लोकांचे फोटो, बँकांचे व्यवहार, रेल्वेची तिकिटं, सगळं म्हणे त्यात साठलेलं असतं. ही यंत्रं रात्रंदिवस तापतात. म्हणून दोन ओळींच्या मधल्या एका गल्लीत गार हवा सोडतात, ती कपाटांतून पार जाते आणि पलीकडच्या गल्लीत गरम होऊन बाहेर पडते. कुठं जास्त तापलं, कुठं दमटपणा वाढला, तर यंत्रं बसायची भीती. त्यासाठी मी प्रत्येक कपाटावर काड्यापेटीएवढ्या पांढऱ्या डब्या चिकटवते, खाली, मध्ये आणि वर. डबीला वायर नाही, आत एक सेल असतो. ती हवा किती गार, किती दमट हे बिनतारी कळवत राहते आणि आम्ही ते बाहेर स्क्रीनवर बघतो. सोपं वाटतं, पण लोखंडी कपाटाचं दार लावलं की डबीचा आवाज आतच अडकतो आणि ती स्क्रीनवरून गायब होते. मग परत आत जा, वीतभर सरकव, बाहेर ये, बघ. पावसाळाभर मी हेच केलं.

आत जाणं म्हणजे एक सोहळाच असतो. फोन बाहेर जमा करायचा, बूट बदलायचे, मग एका काचेच्या खोक्यात शिरायचं. त्याला दोन दारं. मागचं पूर्ण लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही, म्हणजे आपल्यामागून दुसरं कुणी चोरून शिरू नये. आत पंख्यांचा इतका आवाज की स्वतःशी बोललेलंही ऐकू येत नाही. गार गल्लीत स्वेटर लागतो, गरम गल्लीत दोन मिनिटांत पाठ भिजते. बाहेर ऊन आहे की पाऊस, सकाळ आहे की संध्याकाळ, काही कळत नाही. एकदा मी बाहेर आले तर रस्ते ओले होते, खड्डे भरलेले होते, आणि मी गेटवर विचारलं की पाऊस कधी आला. आमच्या गेटवरचे सिक्युरिटी काका याच गावातले, ह्या जमिनीवर पूर्वी त्यांचंच शेत होतं. ते म्हणाले, "ताई, दुपारधरनं झोडपतोय की. तुमी काय भुयारात राहता व्हय?" मी हसले खरी, पण स्कूटर चालू करताना मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीवरून रडणारी मी बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्हाला हेही ठाऊक आहे की मला पहिल्यापासून बंद जागेत कोंडल्यासारखं होतं. आयटीआय झाल्यावर भोसरीतल्या कंपनीत लागले होते, मीटर तपासायच्या खोलीत. मी पावसाळा संपायच्या आत ते काम सोडून आले. तुम्ही पहिल्या शिफ्टहून येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता. आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, आप्पा, तिथं मला गुदमरतं. तुम्ही ताट पुढे सरकवलंत, जेवलाच नाहीत. "कोंडल्यावानी होतंय म्हणं! मग आमी काय इतकी वर्सं बागंत बसायलो व्हय? लातूरहून हितं हवा खायाला आलो का? पर्मनंट होईस्तोवर मान वर करायची न्हाई." आई मधे पडली तर तिलाही दोन शब्द ऐकवलेत. त्या रात्री तुमचं ताट तसंच झाकून ठेवलं होतं. सकाळी तुम्ही मला सायकलवर बसवून तुमच्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे घेऊन गेलात, आणि वाटेत पवनेच्या पुलावर थांबून माझ्यासाठी घेतलेला नवा टेस्टर दाखवलात. वरच्या खिशात पेनसारखा लावला होता. माझ्या हातात देताना तुम्ही नदीकडेच बघत होतात. तेव्हापासून मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. साइट संपली की पुढची, ती संपली की आणखी कुठली. हिंजवडी, तळेगाव, रांजणगाव, सगळीकडे मी वायरी ओढल्या आणि डब्या चिकटवल्या. दरवेळी साइट संपताना धास्ती असते की आता कोण बोलावणार. पण दरवेळी एक दिवस तरी मी मोकळी असते, आणि त्या दिवशी मी आळंदीला घाटावर जाऊन नुसती बसते. हे घरात कुणाला माहीत नाही.

तर ह्या इमारतीच्या मॅनेजरना माझं काम आवडलं. तरुण माणूस आहे, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथेच राहा ना. कॉन्ट्रॅक्टरकडून आम्ही तुम्हाला सरळ कंपनीच्या रोलवर घेतो. ह्या हॉलचं सगळं सेन्सरचं काम तुमच्याकडे." म्हणजे रोज, कायम, त्याच दोन गल्ल्यांत. रिटायर होईपर्यंत. मी म्हटलं, विचार करून सांगते. ते चकित झाले. नवराही चकित झाला. त्याची स्वतःची कंपनी बंद पडल्यापासून तो वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर जातो, आणि तो वाईट माणूस नाही. तो एवढंच म्हणाला, "ह्या वयात परत कोण विचारणारंय तुला?" त्याचं खरं आहे. म्हणूनच मला रात्रभर झोप लागली नाही.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिकलच्या लोकांनी बाहेरच्या पॅनेलरूममध्ये पूजा मांडली. झेंडू, नारळ, पेढे. उदबत्तीला बंदी, कारण धुरानं अलार्म होतो. मी हात जोडले, आणि मग तुमची शिकवण डोक्यात आली. नवं हत्यार असो नाहीतर नवी मशीन, नवमीला तिला कुंकू लावल्याशिवाय तुम्ही हात लावू देत नव्हतात. तुमची ती पक्कड, पाना, करवत पाटावर मांडून तुम्ही माझं बोट धरून मला टिळे लावायला लावायचात. मला वाटलं, माझ्या डब्या तरी काय वेगळ्या आहेत? मी बाटलीच्या झाकणात कुंकू पाण्यात कालवलं, टूलबॅगेत लपवून आत नेलं, आणि शेवटच्या ओळीतल्या नव्या डब्यांना एकेक टिळा लावून आले. आत ओलं काही न्यायचं नसतं, हे मला सगळ्यांत आधी माहीत. पण त्या घटकेला कंपनीचा नियम आठवला नाही, तुम्ही आठवलात.

डबीच्या पोटावर एक बारीक भोक असतं, तिनं हवा आत घ्यावी म्हणून. मी टिळा नेमका तिथंच लावला होता. दुपारी जेवायला बसलो तर स्क्रीनवर अख्खी ओळ लाल. दमटपणा एवढा वाढलेला की जणू छत गळतंय. ज्यांची यंत्रं आहेत त्यांचा फोन आला, सगळे उठून उभे. मला कळून चुकलं. मी कुणाशी एक शब्द न बोलता कोरडं फडकं घेतलं, आत गेले, आणि माझेच टिळे एकेक करून पुसले. लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं. तुम्ही असता तर डोक्याला हात लावला असता.

परत येताना आतल्या बाजूचं बटण दाबून मी काचेच्या खोक्यात आले. मागचं दार लागलं. पुढच्या दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. परत लावलं, परत लाल. मागे जायलाही कार्डच लागतं, तिथंही लाल. जेमतेम हात पसरता येतील एवढी जागा. त्या दिवशी आतल्या दारावर काकांचीच ड्यूटी होती, पण त्यांच्या कार्डानं हे दार उघडत नाही. ते काचेपलीकडे आले, त्यांच्या मशीनवर काहीतरी बघितलं आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "ताई, कार्ड बंद दावतंय! तुमी कामावर न्हाई म्हणतंय त्ये!"

"मग मी आत कशी?"

"त्ये त्यालाच इचारा!" मग माझं तोंड बघून ते जवळ आले. "घाबरू नगा. सायबाला फोन लावलाय, हापिसातल्या पूजंला गेलेत, येतील. का काच फोडू?"

भिंतीवर आगीसाठीचं लाल बटण होतं. ते दाबलं की मजल्यावरची सगळी दारं एकदम उघडतात आणि भोंगा वाजतो. म्हणजे माझ्या टिळ्यांवरून मोठाच तमाशा झाला असता. मी मानेनं नको म्हटलं. काका खुर्ची ओढून काचेपाशी बसले आणि हातवारे करत मला त्यांच्या कांद्याच्या शेताबद्दल काहीबाही सांगत राहिले. मला निम्मं ऐकू येत नव्हतं. मी खाली बसले, पाठ काचेला लावली, छातीत धडधडायला लागलं. आणि का कोण जाणे, मला तुमची कंपनी आठवली.

मी चौथीत असेन. खंडेनवमीला कामगारांच्या बायकापोरांना आत सोडत. तुम्ही पांढरा सदरा घातलाय, माझा हात धरून प्रेसशॉपमध्ये नेताय, मशीन बंद आहे आणि तिच्यावर झेंडूच्या माळा आहेत. मित्रांना तुम्ही माझी ओळख करून देताय. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तुम्ही मला मशीनपाशी उभं करून वर बोट दाखवताय. पत्र्यात एक फट होती. तिच्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसत होता. "हितून दिसतंय बघ. फोरमन बुजवायलाता, मी म्हणलो ऱ्हाऊ द्या, गळत न्हाई." गळत होतं आप्पा. खाली तुम्ही पत्र्याचा डबा ठेवला होता, मी तो बघितला होता. तेव्हा मला वाटलं, आप्पा खोटं बोलतात. आणि परवा त्या खोक्यात बसून मला तुमचा इतका राग आला की सांगता येत नाही. तुम्हालाही कोंडल्यासारखं होत होतं. तुम्हाला सगळं कळत होतं. मग मला का दटावलंत? का म्हणाला नाहीत की पोरी, मलाही होतं, पण आपल्याला इलाज नाही? तेवढं म्हणाला असता तर मी आयुष्यभर मान खाली घातली असती, पण एकटी तरी पडले नसते.

मॅनेजर आले तेव्हा कपाळाला टिळा होता. त्यांनी त्यांचं कार्ड लावलं, दार उघडलं. हसत म्हणाले, "सॉरी मॅडम! एचआरनं तुमचं कॉन्ट्रॅक्टचं कार्ड आजच बंद केलं. नवीन छापायला दिलंय, कंपनीचं. उद्या दसऱ्याला द्यायचं होतं, सरप्राइज."

"पण मी हो कुठे म्हटलंय?"

"अहो, नाही कोण म्हणतं?"

मी म्हटलं, "मी." मला वाटलं होतं आवाज चढेल, पण तो कापला. मी म्हटलं, राहिलेल्या ओळी पूर्ण करून देते, कुठली डबी कुठे आहे ते तुमच्या माणसाला दाखवून देते, आणि मग माझं कॉन्ट्रॅक्ट संपू द्या. त्यांनी स्वतःचं कार्ड खिशात टाकलं. मग म्हणाले, "घरी विचारून बघा एकदा." काकांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि नाशिक रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली होती.

घरी अजून सांगितलेलं नाही. काल दसऱ्याला नवऱ्यानं माझ्या हातावर सोनं ठेवलं आणि म्हणाला, आता आपली काळजी मिटली. मी हो म्हणाले. आज-उद्या सांगावंच लागेल, आणि त्याचा चेहरा उतरलेला मला बघवणार नाही. पुढची साइट मिळेल की नाही ठाऊक नाही. न मिळाली तर मीच चुकले असं सगळे म्हणतील, आणि कदाचित मलाही तसंच वाटेल. खोक्यातून बाहेर पडले म्हणून मी मोकळी झाले असं काही नाही आप्पा, आता घरातल्या खोलीतून खोलीत जाताना छातीवर तेच दडपण असतं.

हा कागद मी फाडून टाकणार आहे, कारण कपाटात ठेवला तर कुणाच्या तरी हाताला लागेल. तुमच्यावर इतकं तोंडसुख घेतलं, तर एक कबूल करून टाकते. तुम्ही आज उंबऱ्यावर बसलेले असता, तर मी नाही म्हणू शकले नसते. गपगुमान हो म्हटलं असतं, आणि तुमचा चेहरा बघून मला आनंदसुद्धा झाला असता.