मिसेस लोथ्रॉपची वाटी पालथी करण्याचा बेत

११ मार्च १९८४, रविवार
काल लिहिलेल्यात एक चूक आहे, ती दुरुस्त करते. मिसेस लोथ्रॉप डॅडच्या मिठाच्या वाटीला ‘नकली’ म्हणाल्या नव्हत्या. ‘जरा अलीकडची वाटते’ म्हणाल्या. तेही हळू आवाजात. पण बाईंनी वाटी आमच्या जुनी काच जमवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनातून काढली ती काढलीच.

होडीच्या आकाराची वाटी. दीडशे वर्षांपूर्वीची, साच्यात दाबून केलेली, इथल्या केप कॉडच्याच भट्टीतली. डॅडनी मला घरी आधी काच ओळखायला शिकवलं, मग अक्षरं. आता ते क्लबात पाऊल टाकणार नाहीत म्हणतात. जेवणही अर्धंच टाकतात.

सूड घेणार. (हा शब्द खोडला होता. परत लिहिला. खरं तेच लिहावं.)

१३ मार्च, सकाळी ७.१०
बेत पक्का. क्लबच्या जेवणाला प्रत्येक मेंबर आपली वाटी मीठ भरून ताटाशी ठेवतो. बाईंची वाटी सगळ्यांदेखत पालथी करायची. हल्लीच्या नकलांच्या बुडाला कारखान्याची अक्षरं असतात. सापडणारच.

१४ एप्रिल, शनिवार
पालथी केली नाही. आत मीठ होतं, आणि टेबलक्लॉथ बाईंच्या आईच्या हातचा. त्याऐवजी चमच्याने टिचकी मारली. जुनी काच घंटेसारखी वाजते. ही वाजली नाही! फार आनंद झाला. अर्थात, मीठ भरलेली कुठलीच वाटी वाजत नाही.

जेवणानंतर बाई आपणहून म्हणाल्या, लिडिया, वाट्या तू धू गं पोरी, या बाकीच्या धांदरट, एकीच्या हाताचा भरवसा नाही. सिंकशी मी एकटीच. पालथी केली. अक्षरं नाहीत. टिचकी मारली. वाजली. बराच वेळ वाजत राहिली.

बाई फारच सावध आहेत.

१५ एप्रिल
डॅडच्या वाटीच्या बुडाला एक जागा घासलेली आहे. डॅड म्हणतात, दीडशे वर्षं टेबलावर सरकवून झिजली. खरी झीज वेडीवाकडी असते, हे त्यांनीच शिकवलेलं. ही गोल आहे. डाइमच्या नाण्याएवढी, गुळगुळीत. कारखान्याची अक्षरं मावतील एवढी.

आणखी एक दुरुस्ती. मार्चमध्ये बाईंनी त्या जागेवरून अंगठा फिरवला होता. मग माझ्याकडे बघितलं, आणि मग ‘अलीकडची’ म्हणाल्या. बाकी कुणाला काही बोलल्या नाहीत. हे लिहायचं राहिलं होतं.

म्हणजे बाईंनी आमची लाज राखली. याला क्षमा नाही.

१६ एप्रिल
डॅडनी विचारलं, काय गं, सापडली का अक्षरं? म्हटलं, बाई वाटीला हात लावू देईल तर शपथ. डॅड महिन्यात पहिल्यांदा हसले. म्हणाले, म्हातारी टरकली! सोडू नकोस तिला! दोनदा सूप घेतलं.

मी खोटं बोलले. नोंद करून ठेवते.

१७ एप्रिल
माघार नाही, डॅडना शब्द दिलाय. बेतात किरकोळ बदल. पुढच्या जेवणाला उकडलेली अंडी आहेत. मी वाटी नेणार नाही. बाई आपली पुढे सरकवतील, सरकवतातच. तेव्हा सगळ्यांदेखत ‘नको’ म्हणायचं आणि अंडं अळणी खायचं. ‘थँक यू’ म्हणावं लागेल, पण कोरडं.

जेवण शनिवारी, १२ मे, दुपारी साडेबाराला.