भरल्या पोटाची भाकणूक

३ ऑगस्ट, रविवार
डोकं फिरलंय नुसतं! आमच्या सिद्धेश्वरीचा नर्सिंगला नंबर लागला, पोरीनं गल्लीत पेढे वाटले — आणि हे संध्याकाळी व्याख्यान ऐकून आले ते वेगळेच होऊन. कुणी एआयवाले महाराज आले होते म्हणे. "एआयच्या रूपात नवा अवतार झालाय. तीन वर्षांत ना डॉक्टर राहणार ना नर्स. शरण जाईल तोच तरेल." सभागृहानं हात जोडले. ह्यांनीही!

घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "मग शिकवून उपयोग काय? अक्कलकोटचं स्थळ बघून टाकू." ते स्थळ सासूबाईंनीच आणलेलं, त्यांच्या माहेरच्या नात्यातलं. म्हणजे मायलेकांना अवतार पावला!

४ ऑगस्ट
थोरला शिवू पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतोय. त्याची नोकरी नाही का जाणार? विचारलं मी. "तो मुलगा आहे." वा! म्हणजे जगबुडी येणार ती फक्त मुलीच्या कॉलेजात.

५ ऑगस्ट
जेवताना सासूबाईंनी गड्ड्याच्या जत्रेतल्या वासराच्या भाकणुकीचा विषय काढला — वासरू काय खातं त्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात ती. हे हसले, "अव्वा, जनावराला काय कळतंय पुढचं!"

"वासराला दिवसभर उपाशी ठेवत्यात, मग त्येच्याफुडं धान्य मांडत्यात. तुजा म्हाराज उपाशी हुता का?"

"त्यांना हॉटेलात जेवण होतं."

"मग त्येचं काय खरं!"

मला हसू आलं नाही. आई वासराला विचारणार, हे महाराजांना. पोरीला कुणीच विचारत नाही. संताप येतो!

६ ऑगस्ट
परवा प्रवेशाची मुदत संपतेय. हे सही करत नाहीत. सिद्धू भांडी आपटतेय. आपटू दे.

७ ऑगस्ट, गुरुवार
सोमवार नाही की एकादशी नाही, तरी सासूबाईंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. मला वाटलं, पित्त झालं असेल. संध्याकाळी त्यांनी ह्यांना समोर बसवलं.

"सोमू, मी दिवसभर उपाशी हाय. आता माजी भाकणूक ऐक. पोरगी नर्स हुनार. अक्कलकोटला नगं म्हनून कळवलंय मी. तू सही करस्तोवर घास न्हाय घेनार."

ह्यांनी अजून सही केलेली नाही. सासूबाईंचं ताट झाकून ठेवलंय. मीही जेवले नाही.