काटा शून्यावर असताना

मी, खाली सही करणार, या कारखान्याची मालकीण, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवते. दबाव आहे तो मागच्या बंद टाकीत. पिकाचे उरलेले काड तीत वाफेवर शिजवून आम्ही मऊ करतो, पुढे त्याचे इंधन होते. बॉयलर विझवला आहे, दाबाचा काटा शून्यावर आहे आणि माझा मुलगा पाना घेऊन झाकण उघडायला उभा आहे. म्हणून मी झाकणासमोर खुर्ची टाकून बसले आहे.

१. राहते घर मुलाचे. नणंदेने नेलेले शिलाई मशीन तिच्याकडे मागू नये. एव्हाना मोडलेच असेल.

२. कारखाना सुनेचा. तिला ‘थांब’ म्हटलेले कळते. काट्याच्या नळीत भुसा अडकला की काटा खुशाल खोटे बोलतो. माझ्या धाकट्या दिरांनी एकदा त्याच्यावर विश्वास ठेवला होता. मुलगा आत्ताही म्हणतो आहे, “आई, फाटकात गाडी खोळंबलीय. ऊठ ना! तुझं आपलं नेहमीचंच.” नेहमीचेच आहे, म्हणून तुझे दोन्ही हात शाबूत आहेत, बाळा.

३. नळी मोकळी करायची लांब तार. तिची जागा खुंटीवर. या शहाण्याने ती फाटक बांधायला नेली. बॉयलरवाला ती आणायला निघाला होता, मी त्याला खाली बसवले. ज्याने नेली त्यानेच आणावी. मला भीती वाटते आहे. मी मेले तर चालेल, पण पोराला भाजलेला पाहायची माझी तयारी नाही.

सही: मालकीण
स्थळ: झाकणासमोरची खुर्ची
दिनांक: काडाचा हंगाम संपला तो शनिवार

साक्षीदार:
१. बॉयलरवाला (सही)
२. धाकटे दीर (डावा अंगठा, उजवा हात याच झाकणाने नेला)

पुरवणी: दिरांचा अंगठा उमटताना मुलगा पाहत होता. पाना ठेवून तो फाटकाकडे गेला, तार सोडून आणली, बाजूला उभे राहून काट्याच्या नळीची तोटी उघडून आत सारली. वाफ पत्र्यावर जाऊन आदळली. तार काढून तोटी बंद करताच काटा उसळून लाल पट्ट्यावर गेला. “शून्यावर होता गं,” एवढेच म्हणून तो माझ्या पायाशी बसला. आता टाकी निवेपर्यंत कुणीच उठणार नाही.

कलम २ तसेच राहील. तार मात्र आजपासून मुलाची. याखाली साक्षीदारांनी पुन्हा खुणा केल्या. दिरांनी अंगठा टेकवताना कागद मुलाने धरला होता, दोन्ही हातांनी.