पहिल्या टकटकीला

चि. अनुजाला आशीर्वाद, तू घेणार असशील तर.

चाळीच्या गणपतीत तू चिमणी-कावळ्याचं नाटक बसवलंस. चिमणी तू, कावळा तुझी मैत्रीण प्रिती. तालमीत मी म्हटलं, "चिमणीने पहिल्या टकटकीलाच दार उघडलं तर गोष्टच संपेल ना गं?" तू हसलीस. "संपू दे की बाबा. सुखात संपेल."

नाटकात दार उघडून तू प्रितीचा हात धरलास. "आता आम्ही दोघी जन्मभर एकाच घरात." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांना कळलं, हे नाटकातलं नाही. शेजारचा जगदीश मला म्हणाला, "गुणाजी, तुझ्या चेडवाक आवर."

मी घरी येऊन कडी लावली. मागोमाग तुम्ही दोघी आलात. "बाबा, उघडा ना."

"थांब, माझी पूजा चालू आहे."

पूजा सकाळीच झाली होती. पुन्हा टकटक झाली, तेव्हा म्हणालो, "थांब, आरती राहिलीय." तिसऱ्यांदा म्हणालो, "थांब, जप करतोय." गोष्टीतल्या चिमणीने बाळाला पुढे केलं, मी देवाला केलं.

उघडलं तेव्हा उंबऱ्यापाशी प्रितीचे काळे कागदी पंख पडले होते. याला सात महिने झाले. प्रितीच्या घरच्यांनाही तुम्हा दोघींचा ठावठिकाणा माहीत नाही. पत्ताच नाही, म्हणून हे पत्र पोथीत ठेवतो.

हल्ली देवापुढे बसलो की तीच टकटक ऐकू येते. धावत उठतो, तर दार सताड उघडंच असतं.

तुझा,
बाबा