हवेतलं माप

बुधवार, ता. १४, दुपार

चि. लांब्यास,

आशीर्वाद. राग असला तरी ते द्यायचेच असतात, म्हणून आधी ते घे. आम्ही बरे आहोत. चिमणीला शाळेत नोकरी लागली. दुकानातला पंखा अजून तसाच कुरकुरतो. दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील.

तुझे बाबा बोलायला लागलेत. तू दार आपटून गेलास त्याच संध्याकाळी त्यांना मेंदूचा झटका आला, हे चिमणीने तुला कळवलं होतंच. शुद्धीवर आले तेव्हा सगळी नावं पुसली गेली होती. मला चक्क 'ताई' म्हणाले. पस्तीस वर्षांच्या संसाराचं फळ बघ!

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडलेल्या असतात. जे रोज घोकलं जातं त्याचे जोड पक्के होतात, जे घोकलं जात नाही त्याचे सुटत जातात. पायवाटेसारखं. चाललं की मळते, सोडली की गवत माजतं. "घरातले फोटो दाखवा, नाव घ्या, एकेक आठवण सांगा. रोज, त्याच शब्दांत."

मी चाळीस फोटो काढले. रोज चहा झाला की हाच उद्योग. चिमणी. आत्या. दुकान. कात्री.

तुझा एकही नव्हता त्यात.

राहून गेला, असं चिमणीला सांगितलं. साफ खोटं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. ज्याच्यामुळे हे झालं त्याचं नाव मी का घेऊ? बरं, एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तू झाडावरून पडून हात मोडून घेतलास, ती त्यांची आवडती आठवण. तीसुद्धा मी चिमणीच्या नावावर खपवली. चारशे वेळा तरी सांगितली असेल. आता बाबा ती रंगवून सांगतात. चिमणीला उचलून दवाखान्यात नेलं, वाटेत तिची एक चप्पल पडली. चपलेचं मी कधीच सांगितलं नव्हतं. आणि या रविवारी चिमणी मनगट चोळत म्हणाली, "आई, गारठ्यात अजून दुखतो गं हात."

चिमणी जन्मात झाडावर चढलेली नाही.

मी लगेच ट्रंकेतून तुझा फोटो काढला. बाबांनी निरखून पाहिला आणि म्हणाले, "गिऱ्हाईक आहे का?" ते एक वेळ ठीक. पण लांब्या, क्षणभर मलाही नाव सुचेना. पोटच्या पोराचं! त्यांना शिकवता शिकवता मीही शिकत होते, हे त्या बाई बोलल्या नव्हत्या.

सोमवारपासून बाबा दुपारी दुकानात जाऊन बसतात. आरशासमोर गिऱ्हाईक उभं करायची जागा आहे ना, तिथे हवेत टेप धरतात. "सरळ उभा राहा. श्वास सोड." टेप खाली लोंबत नाही रे, गोल राहते. छाती अडतीस, बाही साडेतेवीस, डावी पाव इंच कमी. वहीत लिहितात. मी तुझं जुनं पान काढून ताडून पाहिलं. सगळं तेच, मोडक्या हाताची बाहीसुद्धा. फक्त छाती तेव्हा छत्तीस होती.

चेष्टा नाही, खरं सांग. जाड झालायस का?

"कोणाचा शर्ट बेतताय?" मी विचारलं.

"नाव येत नाही," ते म्हणाले. "हातांना माहीत आहे." आणि ढसाढसा रडले.

आणखी एक. वर्षभर रक्तदाब चढलेला होता, झटका कधीही आला असता, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. मी तुला कळू दिलं नाही. दोष द्यायला मला कोणीतरी हवं होतं. चुकले मी.

आज शर्ट पुरा झाला. आरशासमोर टांगलाय, बाबा शेजारी स्टुलावर बसलेत. मधूनच दटावतात, "हलू नकोस." पंखा बंद आहे. मी तिकडे बघत नाही.

ये रे बाबा. ये आणि तो शर्ट अंगात घाल. पाकिटावरचं तुझं नाव मी मापाच्या वहीत बघून लिहिलंय.

अजून तरी तुझीच,
आई