नमूचं वेगळं पाणी

अष्टमी (रोहा)
११ फेब्रुवारी १९९६

॥ श्री ॥

चि. प्रविण यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाहीस. शकू आल्यापासून तुला बहीण आठवत नाही, असं मी आयला सांगणार आहे. शकूला म्हणावं, नणंदेचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं.

पत्राचं कारण नमू. महिनाभर तिच्या पोटात काही टिकत नाही, अंगावर पुरळ उठलंय. आमच्या नळाला सकाळी रॉकेलसारखा वास येतो आणि हंडा भरला की वर तवंग दिसतो. नदीवरून वारा आला की खिडक्या लावून बसावं लागतं. आळीतली आणखी दोन-तीन पोरं आजारी आहेत. डॉक्टर म्हणाले की पोर पाच वर्षांची आहे, थोडे दिवस इथल्या पाण्यापासून लांब ठेवता आली तर बघा. लांब म्हणजे मला आयशिवाय कोण आहे?

रविवारी हे तिला घेऊन येतील. संक्रांतीला आय म्हणाली होती की तिचा पाण्याचा डबा गंजून गळायला लागलाय, म्हणून ह्यांनी कंपनीतलं एक रिकामं निळं पिंप मिळवलंय. कंत्राटदार कामगारांना देतो, आमच्या चाळीत घरोघर आहेत. ह्यांनी सोडा घालून तीनदा धुतलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. आता वास राहिलेला नाही. चांगलं जाड आहे, आयच्या जन्माला पुरेल.

नमूला रात्री गोष्ट लागते. तू सांगू नकोस, तुझ्या गोष्टीत सगळे मरतात. आयला सांगायला लाव.

माया आहे तशी असू दे.
तुझी ताई
नूतन

* * *

धरमतर (पेण)
३ मार्च १९९६

ती. नूतनताईस प्रविणचा सा. न. वि. वि.

तुझी लेक खुशाल आहे. उलट्या थांबल्या, पुरळ सुकलं, आणि घरात आता तिचंच राज्य चालतं. मिठागरावर आयबरोबर जाते, मिठाची रास दिसली की चढायला बघते. काल मुकादमाला म्हणाली की तुमचं मीठ खारट आहे, आमच्या रोह्याचं चांगलं असतं. मुकादम दिवसभर हसत होता.

पाण्याची काळजी करू नकोस. तळ्याचा तळ दिसायला लागलाय आणि टँकरचा भरवसा नाही, पण नमूला त्यातलं काहीच देत नाही. मी शिफ्ट संपवून जेट्टीवरून येताना सायकल डोंगराकडे वळवतो आणि तिथल्या विहिरीवरून दोन कॅन भरून आणतो. ते पाणी भावोजींनी दिलेल्या पिंपात. वर धुतलेलं फडकं, फडक्यावर पाट. त्याला आय नमूचं पाणी म्हणते आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. परवा बार्ज खाली करून आलो, घसा सुकलेला, म्हणून एक गिलास घेतलं तर आयने अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा उद्धार केला. तुझ्या ढेरीला तळ्याचं पानी पुरं हाय, ते पोरीचं हाय, असं म्हणाली. शकू पदर तोंडाला लावून हसत होती. पाणी मी आणायचं आणि बोलणीही मीच खायची.

शकूचा नमस्कार. तुझं बोलणं तिने ऐकलं, मनावर घेतलं नाही.

भावोजींना नमस्कार. आमची आठवण ठेव.
तुझा
प्रविण

* * *

अष्टमी
१९ मार्च १९९६

चि. प्रविणला आशीर्वाद. वि. वि.

नमू हसते खेळते हे वाचून मी पत्र दोनदा ह्यांना वाचून दाखवलं. घर मात्र खायला उठतं.

इथे एक नवीनच सुरू झालंय. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून एक डॉक्टरबाई पाण्याचा आणि पोरांच्या दुखण्याचा अभ्यास करायला आल्यात. घरोघर फिरून नळाचं, बोअरिंगचं, नदीचं पाणी बाटल्यांत भरून नेतात आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावतात. मी त्यांना नमूचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की तिला तिकडे बरं वाटतंय तर तिकडचं पाणीही बघायला हवं. वाईट पाणी किती वाईट हे कळायला शेजारी चांगलं पाणी ठेवावं लागतं म्हणे. तर तिथली एक बाटली भरून नागोठण्याच्या गाडीने पाठव, हे स्टँडवर घेतील. बाटली उकळत्या पाण्याने धुवून घे.

खरं सांगू, मला बरं वाटलं. कधी नव्हे ते माझ्या माहेरचं काहीतरी नमुना म्हणून मुंबईला चाललंय.

नमूला माझा पापा. उन्हात फार फिरवू नका.

लोभ कमी करू नकोस.
ताई

* * *

धरमतर
३ एप्रिल १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाटली गाडीने पाठवली, भावोजींना मिळाली असेल. मी तळ्यावर भरायला निघालो होतो. आय म्हणाली की असलं गढूळ पानी मुंबईच्या डॉक्टरला दाखवून गावाची लाज घालवतोस काय. तिने नमूच्या पिंपातलं नितळ पाणी स्वतः भरून दिलं.

आता जे लिहितो ते वाचून घाबरू नकोस. नमू गेल्या आठवड्यापासून पडते. आधी वाटलं बांधावर घसरते, मग घरात सपाट जमिनीवर पडायला लागली. पायातली चप्पल निसटते आणि तिला कळत नाही. रात्री पायात मुंग्या येतात म्हणून रडते. पेणला डॉक्टरला दाखवलं. मी रोह्याच्या पाण्याचं सांगितलं, तर ते म्हणाले की तिकडचं विष अंगात मुरलेलं असेल, आता बाहेर पडतंय, भरपूर पाणी पाजा म्हणजे धुवून निघेल. गोळ्या दिल्यात.

आयने मिठागर सोडलंय. दिवसभर तिच्याजवळ बसते आणि घोट घोट पाजते. नमू नको म्हणाली तर एका घोटाला एक गोष्ट असा सौदा करते. मी दोनाऐवजी चार कॅन आणतो. आयचे स्वतःचे पाय बधिर झाल्यासारखे वाटतात म्हणते. नमूने उरवलेलं पाणी ती टाकत नाही, पिऊन टाकते. पण तिचे पाय म्हणजे मिठाच्या पाण्यात जन्म गेलेला, ते तसेच.

तू येऊन गेलीस तर बरं. नमू विचारते.
प्रविण

* * *

मुंबई
२४ एप्रिल १९९६

चि. प्रविणला आशीर्वाद.

आपण नमूला इथे डॉक्टरबाईंच्या हॉस्पिटलात आणून दोन आठवडे होत आले. तू परत गेलास त्यानंतर ताप चढला होता, तो उतरला. पाय तसेच आहेत. डॉक्टर तळव्याला टाचणी लावतात आणि तिच्या तोंडाकडे बघतात. उजव्याला कधी कधी पाय ओढून घेते. डाव्याला काही नाही.

काल डॉक्टरबाईंनी मला आणि ह्यांना खोलीत बोलावलं. बाटल्यांचा तपास आला होता. आमच्या नळाचं पाणी पिण्यासारखं नाही, पुरळ-उलट्या त्याने होऊ शकतात. नदीचं तर विचारूच नको. पण नसा मारणारं जे नमूच्या रक्तात सापडलं ते ह्यांपैकी एकाही बाटलीत नाही. ते एकाच बाटलीत आहे आणि ती चांगल्या पाण्याची बाटली आहे. आधी त्यांना वाटलं की चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. म्हणून मला विचारलं की ही बाटली कुठली. मी म्हणाले, माझ्या माहेरची. म्हणताना मान वर होती माझी, प्रविण.

मग त्यांनी पाणी कशात साठवता म्हणून विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते.

किडे मारायच्या औषधात घालतात ते काहीतरी त्या पिंपात होतं. प्लॅस्टिक ते पिऊन घेतं आणि मग पाण्यात थोडं थोडं सोडत राहतं. धुऊन जात नाही, उन्हाने जात नाही. विहीर चांगली होती. तुझी सायकल, आयचं फडकं, सगळं चांगलं होतं.

हे कालपासून जेवले नाहीत. जिन्यात बसून असतात. सुपरवायझरला फोन केला तर तो म्हणाला की पिंपं भंगारवाला नेतो, कंपनीने कोणाला पिंप दिलेलं नाही, आणि नोकरी टिकवायची असेल तर पुन्हा हे विचारू नकोस.

ते पिंप लगेच बंद कर. दुसऱ्या कोणाकडे तसलं असेल तर त्यांनाही सांग. पण आयला ह्यातलं काही कळू देऊ नकोस. तिला सांग की रोह्याच्या नदीनेच केलं. नदीचा एवढा दोष आहेच, तिच्यावर हाही घाल. माझं एवढं ऐक.
ताई

* * *

धरमतर
३० एप्रिल १९९६

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. त्याच्या आदल्या दिवशीच डॉक्टरबाईंची माणसं जीप घेऊन आली होती. मी शिफ्टला होतो. घरात आय आणि शकू. त्यांनी पिंप कुठे आहे विचारलं, तर आयने हौसेने दाखवलं. फडकं काढून, बघा किती सोच्च ठेवलंय म्हणून. त्यांनी बाटल्या भरल्या आणि जाताना तिला समजावून सांगितलं की आजी, ह्याच पाण्याने पोरीचे पाय गेले. त्यांचंही चुकलं नाही, त्यांना सांगणं भाग होतं.

आय रडली नाही, ताई. कोयता घेऊन तिने पिंपाचे तुकडे केले आणि बांधाच्या आत खड्डा करून पुरले. खाडीत टाकू दिले नाहीत, मासं खातील म्हणाली. मग माझ्या नवीन पँटची घालते तशी घडी घालून ते फडकं चुलीत घातलं. तेव्हापासून ती पाण्याच्या भांड्याला हात लावत नाही. शकूने गिलास पुढे केला तरच पिते. मला जेवायला वाढते पण पाणी ठेवत नाही. शेजारची धोंडुबाई भेटायला आली तर तिला म्हणाली की पानी शकूकडून घे गो, माझ्या हातचं नको.

वाडीत फिरलो. तसली पिंपं आणखी पाच घरांत निघाली. केरूदादा म्हणाला की टँकर आठ दिवसांनी येतो, पिंप फोडलं तर पाणी काय ओंजळीत धरू? कोणी फोडलं नाही. मी बोलत राहीन, दुसरं माझ्या हातात काय आहे.

आयला खोटं सांगायला आता जागा उरली नाही. मला माफ कर.
प्रविण

* * *

मुंबई
६ मे १९९६

ती. आयस नूतनचा नमस्कार. प्रविणने वाचून दाखवावं.

आय, मी तुला धीर द्यायला लिहीत नाही. माझ्याकडे तो नाही. मला तुझी गरज आहे म्हणून लिहिते.

नमू पाणी पीत नाही. तुझ्याकडून आणली तेव्हा इथल्या नर्सने तिच्या हातातून पाण्याचा गिलास ओढून घेतला होता, तपासणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नव्हतं म्हणून. मग माझ्या आणि ह्यांच्या बोलण्यात सारखं पाणी, विष, पाणी. तिने ऐकलं. आता गिलास दिसला की तोंड घट्ट मिटते. मी दिलं तर थुंकते. ह्यांनी तिच्यासमोर आधी पिऊन दाखवलं, तर बाबा आता तुम्ही पडाल म्हणून किंचाळली. चार दिवस सलाईनवर आहे. हातात शीर सापडत नाही, आता पायात टोचतात. पायाला टोचलेलं कळत नाही हे बघून मी बाहेर गेले.

डॉक्टरबाई म्हणाल्या की नसा परत जाग्या व्हायच्या तर अंगात ताकद हवी, आणि ताकद सलाईनने येत नाही. पोर प्यायला-खायला लागली नाही तर हातातला वेळ जाईल. पाय परत येतील की नाही हे त्या सांगत नाहीत. मी आता विचारत नाही.

नमू एकच म्हणते. आजीचं पाणी दे, ते चांगलं असतं. मी तिला काय सांगू?

तू केलंस ते तू केलं नाहीस. हे मी रोज स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी पटत नाही. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ह्यांच्याशी तर मी दोन दिवस बोललेच नव्हते. पण पोरीला ह्यातलं काही माहीत नाही आणि तिला तहान लागलीय.

ये.
तुझी
नूतन

* * *

धरमतर
१३ मे १९९६

ती. ताईस सा. न.

हे पत्र टपालात टाकत नाही, आयकडेच देतो.

तुझं पत्र वाचलं तेव्हा आय भिंतीकडे तोंड करून होती. दोन दिवस नाहीच म्हणाली. पोर अजाण हाय म्हणून बोलावते, उद्या मोठी झाली न् तिला कळलं की हिच्याच हातानं पाजलं, मंग काय तोंड दाखवू, असं तिचं. मी समजावून थकलो. काल रात्री जेवताना शकू तिला म्हणाली की मोठी झाल्यावर नमू तुम्हाला काय बोलायचं ते बोलेल, पण त्यासाठी ती आधी मोठी व्हायला हवी. एवढं बोलून उष्टी काढायला लागली. शकू आयला उलटून कधी बोललेली नाही. आय ताटावरून उठली ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

सकाळी उठलो तर लुगडं नेसून तयार होती. पेणहून सकाळच्या एस.टी.ने शकू तिच्याबरोबर येतेय, मला शिफ्ट सोडता आली नाही. आयचे पाय अजून बधिर आहेत, जिना चढताना हात धरावा लागेल. तिचंही रक्त तपासायला सांग, ती स्वतः सांगणार नाही.

एवढंच बघ, ताई. ती हॉस्पिटलात पोचेल, पण खोलीत स्वतःहून येणार नाही. दाराबाहेर उभी राहील. भावोजींना पाठवू नकोस, नर्सला पाठवू नकोस. तू बाहेर जा आणि आधी तू तिच्या हातचं पाणी पी.

तुझा
प्रविण