पोलीस दिसला की वळायचं

आदरणीय फिदेन्सिओदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बाल्डोमेरोचा, टोपी काढून नमस्कार. (टोपी काढली यातच काय तो आदर समजा. मिनेसोटात या दिवसांत टोपी काढली की कान हातात येतात.) तुमची कंबर कशी आहे? ती खटारा बस अजून तुम्हीच हाकता, की दिली एकदाची पोराच्या हाती? वहिनींना नमस्कार. इथे ओफेलिया ठीक, पोरं ठीक, आणि तुमच्या मातोश्री तर फारच मजेत, कारण मला टोमणे मारायला त्यांना नवा विषय मिळालाय. फोनवर सांगितलं असतं, पण मी फोन उचलला की सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतात. म्हणून हा कागद.

तर त्यांना डायलिसिसला आठवड्यातून तीनदा शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागतं, हे तुम्ही जाणताच. इथे बस म्हणजे फक्त शाळेची. आमच्याकडे राहण्याचे कागद नाहीत म्हणून लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही म्हणून पोलिसाने नुसतं दिवा गेलाय एवढं सांगायला जरी थांबवलं, तरी माझी रवानगी थेट सीमेपार, तुमच्या बसपर्यंत. (आपल्या गावच्या सेवेरोची तशीच झाली. एवढासा तो दिवा!) म्हणून इतकी वर्षं आम्ही सगळे एकच नियम पाळत आलो. पोलिसाची गाडी दिसली की पहिल्या वळणावर वळायचं, कुणाच्याही अंगणात थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि 'पोहोचलो बाई एकदाचे' असा चेहरा करायचा. सासूबाई तर मांडीवर मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंचं फडकं सोडून बसतात, म्हणजे सहलीला आल्यासारखं दिसतं. एका शेतकरणीच्या अंगणात आम्ही इतक्यांदा पोहोचलोय की तिला वाटतं आम्ही तिलाच भेटायला येतो. ती केक करून ठेवते. सासूबाईंना तो वर्ज्य, त्यामुळे माझ्या पोटात जातो. तिला स्पॅनिश येत नाही, यांना इंग्रजी येत नाही, तरी दोघींच्या तासभर गप्पा होतात. विषय मीच असतो, हे बघण्यावरून कळतं.

मग कायदा बदलला. कागद असोत नसोत, परीक्षा पास व्हा आणि लायसन्स घ्या. गावात दोन तट पडले. पेट्रोल पंपावरचा एक गृहस्थ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, की चोरून आलेल्यांना लायसन्स कशाला, उद्या हे आपल्याला धडकतील. मी तोंड उघडलं नाही, पण दादा, माझ्याएवढी जपून गाडी या जिल्ह्यात कोण चालवतं? त्याला चूक केली तर दंड होतो. मला चूक करायची सोयच नाही. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तिथेच बोलायचं होतंस ना, मला काय सांगतोस!"

लेखी परीक्षा झटक्यात झाली. रस्त्यावरच्या परीक्षेला शेजारी एक बाई बसल्या, इस्त्री केल्यासारखा चेहरा. मी पट्टा लावला, आरसे बघितले, छातीवर क्रूसाची खूण केली (त्याचे गुण नाहीत, विचारून घेतलं), आणि निघालो. काय चालवली म्हणून सांगू! तुम्ही बघितलं असतंत तर शिष्य म्हणून मिठी मारली असतीत. बाई भराभर लिहीत होत्या आणि मान डोलवत होत्या. आता फक्त सरळ जायचं होतं, चौकातून सरळ, आणि मग परत. तेवढ्यात आरशात पोलिसाची गाडी दिसली.

दादा, शपथेवर सांगतो, मी काहीच केलं नाही. जे केलं ते हातांनी केलं. बाई "सरळ, सरळ" म्हणत होत्या आणि मी वळलो, थेट अंत्यविधी करणाऱ्यांच्या आवारात घुसलो, एका शववाहिनीमागे गाडी लावली, इंजिन बंद केलं, टोपी नाकावर ओढली आणि बाईंना दटावलं, "खाली वाका!" आणि त्या वाकल्या हो! सरकारी बाई, वही छातीशी धरून, सीटखाली. गाडी निघून गेल्यावर मी सवयीने त्यांच्यापुढे तमाले धरला. त्यांनी विचारलं, आपण इथे का आलो आहोत? मी टोपी वर केली आणि इंजिन सुरू केलं. गाडी फार चांगली चालवता, त्या म्हणाल्या, पण मी सांगेन तिकडे न्यायची असते. नापास. (तमाले मात्र घेतला.)

घरी सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारच्या बायकांना बोलावून आणलं. मला वाकायला लावून सगळ्यांना दाखवलं. "लायसन्स घ्यायला गेला आणि सरकारलाच लपवून आला!" ओफेलियाही हसली, पोरंही हसली, शेवटी मीही हसलो. हसून झाल्यावर सासूबाई उठून आत गेल्या आणि जेवायला आल्याच नाहीत. पोट भरलंय म्हणाल्या.

असो. सगळ्यांना आठवण सांगा. कंबरेला शेक देत जा.

तुमचा सरळ न जाणारा मेहुणा,
बाल्डोमेरो

ता. क. पुन्हा परीक्षा गुरुवारी आहे. ओफेलिया मला रोज पोलीस ठाण्यासमोरून चालत नेते, नजर मेली पाहिजे म्हणून. कालपासून पोलीस दिसला की मी फक्त शिंकतो, वळत नाही.

आणखी एक. खरं तर एवढंच लिहायचं होतं, बाकीचं हात गरम करायला लिहिलं. रविवारी सासूबाईंनी तुम्हाला फोनवर हळूच सांगितलं, "तिथल्या माझ्या खोलीला चुना मारून ठेव, मी परत येते." ओफेलियाने दाराआडून ऐकलं. माझ्यापायी जावई पकडला जाईल, पोरांचा बाप जाईल, असं म्हणाल्या ना? आम्हाला यातलं एक अक्षर सांगत नाहीत, नुसत्या हसतात. दादा, तिकडे आपल्या गावात ते डायलिसिसचं मशीन नाही. सगळ्यात जवळचं कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मला आई नाही हो. या बाईने मला बारा गावच्या शिव्या देत मुलगा केलंय. तुम्ही त्यांचे सख्खे, तुमचा शब्द त्या मोडत नाहीत. तेव्हा खोलीला चुना मारू नका. तिच्यात कोंबड्या भरा. आई, जागा नाही, असं खडसावून सांगा, रागावल्या तर रागावू द्या. आणि मी गुरुवारी पास होवो की नापास, कोंबड्या बाहेर काढू नका.